चूक कोणाची, भरपाई कोणाची?

ठाणे आणि नवी मुंबईतून या खेपेला आलेल्या पत्रांतली सात इथे घेतली आहेत. नावं वगळली आहेत, मजकूर थोडा आटोपशीर केला आहे. बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: यात दोष कोणाचा? पण एवढ्यावर उत्तर देता येत नाही, कारण या विचारणेत तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. कृत्यातून त्या माणसाबद्दल काय कळतं? त्याला बोल लावणं रास्त आहे का? आणि झालेलं नुकसान कोणी निस्तरायचं? पहिल्या दोन प्रश्नांची फोड गॅरी वॉटसन या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1996 मध्ये केली आणि पुढच्या बऱ्याच चर्चेला त्यातून दिशा मिळाली. घरातल्या आणि सोसायटीतल्या भांडणांत मात्र तिसरा प्रश्नच सगळ्यात जास्त अडतो, म्हणून उत्तरांत आम्ही तोही वेगळा काढला आहे. उत्तरांत येणारी नावं बहुतेक तत्त्वज्ञांची आहेत.

सासूबाईंना रक्तदाबाची गोळी रोज लागते. पट्टी संपत आल्याचं मी नवऱ्याला सोमवारी सांगितलं. तो विसरला. गुरुवारी त्यांना चक्कर आली, त्या पडल्या आणि मनगट मोडलं. तो म्हणतो, ‘मुद्दाम केलं का? विसरण्यावर कोणाचा ताबा असतो?’ मला राग येतो, आणि मग वाटतं की खरंच, त्याचा दोष काय? (ऐरोली)

तुमच्या नवऱ्याचा बचाव दिसतो तितका लेचापेचा नाही. मायकेल झिमरमन आणि गिडिअन रोझन यांनी जवळपास हाच युक्तिवाद काटेकोरपणे मांडला आहे. माहीत नसताना किंवा ध्यानात नसताना घडलेल्या चुकीबद्दल दोष द्यायचा, तर ते ध्यानात नसणंच दोषास्पद असलं पाहिजे. ते दोषास्पद केव्हा ठरेल? त्याआधी कधीतरी त्याने जाणूनबुजून हयगय केली असेल तेव्हा. म्हणजे साखळीत मागे मागे जायचं आणि जाणतेपणी केलेली हयगय सापडते का ते पाहायचं. सापडली नाही तर दोष नाही.

तेव्हा आधी मागे जाऊन पाहा. सोमवारी त्याने ऐकलं तेव्हा ‘बघू संध्याकाळी’ म्हणून मोबाइलवर आठवण लावायचं मुद्दाम टाळलं का? यापूर्वी असं घडलं होतं का, आणि तेव्हा तुम्ही सुचवलेली काही सोय त्याने ‘काही गरज नाही’ म्हणून उडवून लावली होती का? असं काही असेल तर दोष गुरुवारचा नाही, त्या दिवसाचा. या पद्धतीत एक खोट आहे आणि ती मॅन्युएल वर्गास यांनी 2005 मध्ये दाखवून दिली. आजच्या विसराळूपणाचं मूळ अनेकदा इतकं जुनं असतं, की तेव्हा त्या माणसाला आजचा परिणाम दिसणं शक्यच नव्हतं. पंचविशीत लागलेल्या सवयीला पन्नाशीतल्या मोडलेल्या मनगटाचा जाब विचारता येत नाही.

दुसऱ्या गटाला ही साखळीच मान्य नाही. अँजेला स्मिथ यांच्या 2005 च्या लेखात जवळच्या मैत्रिणीचा वाढदिवस विसरण्याचं उदाहरण आहे. विसरायचं असं कोणी ठरवत नाही, तरी मैत्रीण दुखावते आणि माफी मागावीशी वाटते. कारण आपल्या लक्षात काय राहतं यावरून आपल्याला कशाची किंमत आहे ते दिसतं. जॉर्ज शेर यांच्या 2009 च्या पुस्तकातली अॅलेसँड्रा मुलांना आणायला शाळेत जाते, तिथे आत अडचणी उपटतात आणि तापलेल्या गाडीत ठेवलेला कुत्रा ती पार विसरते. तिने जाणूनबुजून काहीच केलेलं नाही. तरी तिचा दोष नाही असं म्हणायला जीभ रेटत नाही.

आम्हाला दुसरा गट जास्त पटतो, पण एका अटीवर. एकाच विसरण्यावरून माणसाच्या मनाचा अंदाज बांधू नका. जिवापाड जपलेल्या गोष्टीही माणसं विसरतात, विशेषतः रोजच्या वाटेत एकाएकी बदल झाला की. गेल्या वर्षभरात तो विसरलेल्या पाच-सहा गोष्टी कागदावर लिहून काढा. त्यात स्वतःची बिलं, मित्रांना दिलेला शब्द, ऑफिसची कामंही असतील तर तो विसराळू आहे. ती सगळी ठणठणीत लक्षात राहतात आणि आईचं, घरचं तेवढं निसटतं, तर तुमचा राग योग्य जागी आहे.

आता व्यवहाराचं. अशा घरांत घोळ होतो तो काम देताना. ‘पट्टी संपत आली’ ही बातमी झाली, काम सोपवणं झालं नाही. ‘गोळ्या आणायचं तुझ्याकडे, आठवण ठेवायचंही तुझ्याकडे, मी विचारणार नाही’ असं म्हटलं आणि त्याने होकार दिला, तर जबाबदारी खरोखर त्याच्याकडे गेली. नाहीतर आणायचं त्याने, लक्षात ठेवायचं तुम्ही, आणि चुकलं की दोघांनी. सात गोळ्या उरल्या की नवी पट्टी आणायची, हा आकडा ठरवून टाका. शेवटच्या पट्टीला रबरबँड लावून ठेवा. तो काढायची वेळ आली म्हणजे दुकानात जायची वेळ आली.

मनगटाचा प्रश्न वेगळा. दोष असो वा नसो, सांगितलेलं त्याच्याकडून राहिलं आणि त्यातून आईला दुखापत झाली. प्लास्टर, फिजिओथेरपी, रात्री उठणं हे त्याच्याकडे. ‘मुद्दाम नाही केलं’ म्हणून यातून सुटका होत नाही.

मी आणि माझा मावसभाऊ दोघंही कापूरबावडीहून घरी येताना लांबचा यू-टर्न टाळायला सर्व्हिस रोडवर उलट दिशेने दुचाकी घालतो. मागच्या महिन्यात तो तसाच येत असताना एक वयस्कर गृहस्थ गाडीसमोर आले आणि दोन दिवसांनी वारले. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला आहे. दहा मिनिटं आधी मी तिथूनच तसाच गेलो होतो. घरचे त्याला बोलतात, मला कोणी काही म्हणत नाही. आमच्यात खरंच काही फरक आहे का? (घोडबंदर रोड, ठाणे)

1976 मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांच्यात नेमका हाच वाद झाला. नेगल यांचं म्हणणं सरळ आहे. जे आपल्या हातात होतं त्याचाच न्याय व्हावा, असं आपण मानतो. मग ब्रेक तपासून न घेणारे दोन ट्रकचालक घ्या. एकाच्या समोर मूल आलं, दुसऱ्याच्या समोर कोणीच आलं नाही. हातात होतं ते दोघांचं सारखंच. तरी पहिल्याला आपण कितीतरी जास्त दोष देतो. नेगल तिथे थांबत नाहीत. परिणाम नशिबाचा, समोर येणारी परिस्थिती नशिबाची, स्वभाव नशिबाचा, मागची कारणं नशिबाची. हे सगळं वजा केलं तर निवाडा करायला खाली उरतं काय? या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलेलं नाही, आणि उसनं समाधानही दिलेलं नाही. आम्हाला वाटतं, त्यांच्या लेखाचं बळ त्यातच आहे.

कायदा मात्र फरक करतो आणि तोही मोठा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकारपणे वाहन चालवण्याला (कलम 281) सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवला तर (कलम 106) पाच वर्षांपर्यंत. जुन्या दंडविधानात दुसऱ्या गुन्ह्याला कमाल दोन वर्षं होती, म्हणजे ही दरी आता वाढली आहे. उलट दिशेने गाडी चालवणं हे मोटार वाहन कायद्याच्या 2019 मधल्या दुरुस्तीपासून कलम 184 खाली धोकादायक वाहनचालन ठरतं. तेव्हा तुम्ही काहीच केलं नाही, असं कायदाही म्हणत नाही. तुम्ही सापडला नाहीत, एवढंच.

परिणामावर शिक्षा बेतण्याचं समर्थन करणं सोपं नाही. डेव्हिड लुईस यांनी 1989 मध्ये एक चमत्कारिक बचाव मांडून पाहिला. समजा, धोका पत्करणाऱ्या प्रत्येकाला सारखीच शिक्षा आहे, पण ती सोडतीने ठरते. ज्याची चिठ्ठी निघेल तो तुरुंगात, बाकीचे मोकळे. आजचा कायदा अशी सोडतच आहे आणि चिठ्ठी काढायचं काम अपघात करतो. हे न्याय्य आहे का, यावर लुईस स्वतःही ठाम नव्हते.

तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जातात त्या सुझन वुल्फ. 2001 मधल्या लेखात त्या म्हणतात की दोष दोघांचा सारखाच. पण ज्याच्या हातून माणूस गेला त्याने ‘माझा दोष तुझ्याइतकाच’ असा हिशेब मांडणं शोभत नाही. घडलेल्या गोष्टीचा, तर्काने वाट्याला येतो त्याहून जास्त भार त्याने आपणहून उचलायला हवा. यात एक बारकावा आहे. हा भार त्याने स्वतः उचलायचा, इतरांनी त्याच्यावर लादायचा नाही. त्यामुळे घरच्यांचं वागणं दोन्हीकडून चुकतंय. त्याला ते जास्त बोलतात आणि तुम्हाला अजिबात बोलत नाहीत.

तुम्ही काय करायचं? ‘माझं नशीब चांगलं’ हे वाक्य त्याच्यासमोर उच्चारू नका. घरात सगळ्यांसमोर सांगा की मीही तिथून तसाच जात होतो. त्याने त्याची शिक्षा कमी होणार नाही, पण तो एकटा गुन्हेगार आणि बाकीचे सज्जन हे चित्र मोडेल. उलट दिशेने जाणं आजपासून बंद. एवढं करत नसाल तर प्रश्न तात्त्विक उरत नाही. मावसभावाने मृताच्या घरच्यांना भेटायचं म्हटलं तर आधी वकिलाला विचारा. खटला चालू असताना परस्पर भेट म्हणजे साक्षीदारांवर दबाव, असा आरोप होऊ शकतो आणि शोकातल्या कुटुंबालाही ते जड जातं. विम्याची कागदपत्रं लगेच आणि पूर्ण द्यावीत, अपघात दावा न्यायाधिकरणासमोर घटना नाकारू नये. त्या कुटुंबाच्या हाती खरोखर पडेल ते एवढंच.

मी पाच मिनिटांसाठी राम मारुती रोडवर नो पार्किंगमध्ये गाडी लावली, तर एक दुकानदार अंगावर आला. त्याचं स्वतःचं अर्धं दुकान फुटपाथवर! त्याने मला शिकवावं? (नौपाडा)

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हा जुना रोग आहे. जी. ए. कोहेन आणि आर. जे. वॉलेस यांनी त्यावर नेमकं बोट ठेवलं आहे. आरोप खरा असणं वेगळं आणि आरोप करण्याचा अधिकार असणं वेगळं. दुकानदाराने अधिकार गमावला आहे, तेव्हा तुम्ही त्याला ‘तुम्ही बोलू नका’ म्हणू शकता. पण गाडी नो पार्किंगमध्येच आहे. ती हलवा आणि मग म्हणा.

आमची 84 सदनिकांची सोसायटी. लिफ्टच्या दाराचा सेन्सर बिघडल्याचं मेकॅनिकने लेखी दिलं होतं. समितीच्या तीन बैठकांत विषय पुढे ढकलला गेला. नंतर एका मुलाची बोटं दारात चेंगरली. आता प्रत्येक जण म्हणतो, ‘मी एकटा काय करणार होतो?’ मी सचिव आहे. हे निस्तरायचं कसं? (नेरुळ)

डेनिस थॉम्पसन यांनी 1980 मध्ये सरकारी कारभाराच्या संदर्भात याला ‘अनेक हातांचा प्रश्न’ म्हटलं. निर्णयावर इतके हात फिरलेले असतात की एकाही हातावर ठसा सापडत नाही. त्यावर दोन चुकीची उत्तरं सगळीकडे दिली जातात. एक, सगळेच जबाबदार, म्हणजे कोणीच नाही. दोन, सचिवाला पकडा.

तुमच्या तीन बैठकांत काय घडलं असेल याचा एक अंदाज क्रिस्टियन लिस्ट आणि फिलिप पेटिट यांच्या कामावरून बांधता येतो. तीन सदस्य धरू. पहिल्याच्या मते दार धोकादायक आहे आणि निधीही आहे, म्हणून दुरुस्ती करा. दुसऱ्याच्या मते धोका आहे पण निधी नाही, म्हणून आत्ता नको. तिसऱ्याच्या मते निधी आहे पण धोका नाही, म्हणून नको. मतं मोजा. धोका आहे असं दोघांना वाटतं. निधी आहे असंही दोघांना वाटतं. तरी दुरुस्तीचा ठराव दोन विरुद्ध एक असा पडतो. प्रत्येकाचं मत आपापल्या जागी सुसंगत आणि समितीचा निर्णय मात्र समितीच्याच मतांशी विसंगत. म्हणूनच लिस्ट आणि पेटिट म्हणतात, की व्यक्तींचे दोष मोजून झाल्यावरही समिती म्हणून काही जबाबदारी शिल्लक उरते. हे सगळ्यांना मान्य नाही. संस्थेला मन नसतं, मग दोष कुठे चिकटणार, असं विचारणारेही आहेत. समितीपुरतं आम्ही पहिल्या बाजूचे आहोत, कारण ही विसंगती दुरुस्त करणं एकेकट्या सदस्याच्या हातात नसतं, समितीच्या कामाच्या पद्धतीत असतं.

पुढच्या बैठकीपासून सुरक्षेच्या विषयावर ‘करायचं की नाही’ असं थेट मतदान घेऊ नका. आधी धोका आहे का यावर हात वर, मग पैसे आहेत का यावर, आणि दोन्ही आकडे इतिवृत्तात. दोन्हींना बहुमत असेल तर ठराव आपोआप झाला. विषय पुढे ढकलायचा असेल तर कोणी सुचवलं, कारण काय, पुढची तारीख कोणती आणि तोवर काय करायचं हे लिहा. सेन्सर बंद असलेली लिफ्ट तोवर बंद ठेवणं फुकट होतं. तीन बैठकांत ते कोणाला सुचलं नाही, ही आमच्या मते मूळ हयगय आहे.

झालेल्या घटनेसाठी प्रत्येक सदस्यापुढे तीन रकाने आखा. त्याला काय आणि कधी कळलं, त्याच्या हातात काय होतं, त्याने काय केलं. मेकॅनिकचं पत्र ज्याने वाचलं आणि बैठकीत मांडलं नाही, त्याचा दोष आणि गैरहजर सदस्याचा दोष एक नाही. दोष हा मेंटेनन्ससारखा सदनिकांवर समान भागत नाही. समितीत बारा जण असले म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला बारावा हिस्सा येतो असं नाही, चार जणांचा प्रत्येकी पूर्ण दोष असू शकतो. महाराष्ट्राचा सहकार कायदाही समितीच्या निर्णयांसाठी सदस्यांना एकत्रितपणे आणि व्यक्तिशः जबाबदार धरतो. ठरावाला ज्याने विरोध केला आणि तो विरोध इतिवृत्तात नोंदवून घेतला, त्याला वगळतो. मनातला विरोध, चहा पिताना बोलून दाखवलेला विरोध, व्हॉट्सअॅपवरचा अंगठा यांची किंमत शून्य.

आणि मुलाच्या उपचारांचा खर्च दोषनिश्चितीसाठी अडवून ठेवू नका. आयरिस मॅरियन यंग यांनी मागे वळून दोष शोधणं आणि पुढे पाहून जबाबदारी उचलणं या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. त्यांचा विषय मोठा होता, समाजव्यवस्थेतल्या अन्यायाचा. पण भेद इथेही लागू पडतो. विशेष सर्वसाधारण सभा बोलावून खर्च सोसायटीने उचलायचा, वसुली कोणाकडून करायची ते नंतर. ‘खर्च दिला म्हणजे गुन्हा कबूल केला’ या भीतीने समित्या गप्प बसतात. ठरावात ‘दायित्वाचा प्रश्न खुला ठेवून’ असे शब्द घाला आणि वकिलाकडून मसुदा पाहून घ्या.

नवरा वाशीच्या खाडीपुलावरून गाडीच्या दारातून निर्माल्याची पिशवी टाकतो. म्हणतो, ‘माझ्या एका पिशवीने खाडी मरते का?’ याला काय उत्तर द्यायचं? (सानपाडा)

जोनाथन ग्लोव्हर यांनी 1975 मध्ये दिलेलं उत्तर द्या. एका गावात शंभर जण जेवायला बसलेत, प्रत्येकाच्या वाडग्यात शंभर दाणे. शंभर दरोडेखोर येतात, एकेक जण एकेकाचा वाडगा पळवतो. दुसऱ्या आठवड्यात त्यांना पश्चात्ताप होतो. ते पद्धत बदलतात. आता प्रत्येक दरोडेखोर प्रत्येक वाडग्यातला एकच दाणा घेतो. एका दाण्याने कोणाची भूक वाढत नाही, म्हणून एकाही दरोडेखोराने कोणाचं काही बिघडवलेलं नाही. गाव मात्र पुन्हा उपाशी.

हिशेबी माणसाला शेली कॅगन यांचं गणित सांगा. समजा, पाचशेवी पिशवी पडली की भरतीचं पाणी ये-जा करायची एखादी वाट तुंबते. आपली पिशवी पाचशेवी असण्याची शक्यता पाचशेत एक. ती तशी असली तर नुकसान पाचशे पिशव्यांचं. गुणाकार करा, सरासरी नुकसान पुन्हा एका पिशवीएवढंच येतं. ते शून्य होत नाही. ज्युलिया नेफ्स्की यांचा आक्षेप असा की सगळी नुकसानं अशी टप्प्याटप्प्याने होत नाहीत, काही अगदी सलग वाढतात, आणि तिथे हे गणित लंगडं पडतं. प्लॅस्टिकच्या बाबतीत आम्हाला तो आक्षेप फार अडवत नाही. फुलं सोडवून महापालिकेच्या निर्माल्य कलशात, पिशवी सुक्या कचऱ्यात. वाद तेवढ्याने मिटतो.

निर्णय आपण घेण्याआधी मेंदूने घेतलेला असतो हे प्रयोगाने सिद्ध झालंय असं वाचलं. मग कोणालाही दोष देण्यात अर्थ काय? (विद्यार्थी, कोपरखैरणे)

सिद्ध झालंय, हे जरा घाईचं आहे. मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या 1983 मधल्या प्रयोगात लोकांनी वाटेल तेव्हा मनगट हलवायचं होतं आणि 2.56 सेकंदांत एक फेरा घेणारा ठिपका पाहून, हलवायची इच्छा कोणत्या क्षणी झाली ते सांगायचं होतं. मेंदूतली विद्युत हालचाल कृतीच्या सुमारे 550 मिलिसेकंद आधी सुरू होई, इच्छेची जाणीव सुमारे 200 मिलिसेकंद आधी. मधल्या साडेतीनशे मिलिसेकंदांवर पुस्तकंच्या पुस्तकं उभी राहिली. 2012 मध्ये ॲरॉन शर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ती हालचाल म्हणजे आधीच झालेला निर्णय असं मानायची गरज नाही. मेंदूतले यादृच्छिक चढउतार साठत जाऊन उंबरठा ओलांडतात, आणि कृतीच्या क्षणापासून मागे मोजत सरासरी काढली की तसाच आलेख मिळतो. शिवाय मनगट हलवणं आणि कॉपी करायची की नाही हे ठरवणं एका जातीचे निर्णय नव्हेत.

मेंदूशास्त्र बाजूला ठेवलं तरी प्रश्न उरतोच, कारण तो जुना आहे. सगळं आधीच्या कारणांनी ठरत असेल तर वेगळं वागता आलं नसतं, आणि वेगळं वागता आलं नसतं तर दोष कसला? यातला दुसरा सांधा हॅरी फ्रँकफर्ट यांनी 1969 मध्ये खिळखिळा केला. ब्लॅकला जोन्सकडून एक काम करून घ्यायचं आहे. जोन्सचं मन फिरताना दिसलं तरच तो मध्ये पडणार आणि काम करायला लावणार. जोन्स आपल्याच कारणांसाठी ते काम करतो, ब्लॅक बोटही हलवत नाही. जोन्सला दुसरा मार्ग नव्हता, तरी कृत्य त्याचंच आहे. या उदाहरणाला भोकं पाडण्याचा आणि ती बुजवण्याचा उद्योग पन्नास वर्षांहून जास्त काळ चालू आहे.

पी. एफ. स्ट्रॉसन यांनी 1962 मध्ये वेगळीच वाट धरली. राग, कृतज्ञता, अपराधीपणा हे माणसांच्या नात्याचं सामानच आहे. एखाद्या सिद्धांताने ते रद्द होत नाही. एखाद्याला वेड लागलं असेल, तो लहान असेल, त्याला कोणी ढकललं असेल, तर आपण राग आवरतो. पण ही कारणं प्रत्येकाला एकाच वेळी लागू होत नाहीत. उलट डर्क पेरेबूम म्हणतात की राग सोडून द्या, समाज तरीही चालतो. साथीच्या रोग्याचा काही दोष नसताना आपण त्याला वेगळं ठेवतो. धोकादायक माणसालाही तसंच ठेवता येईल, मात्र गरजेपेक्षा एक दिवसही जास्त नाही, आणि त्याची नीट काळजी घेऊन. म्हणजे दोष उडाला तरी तुरुंग आपोआप उडत नाहीत, त्यांना बरीच सुधारणा मात्र करावी लागते. हा भाग सोयीने गाळून ‘मग कॉपी केली तर काय बिघडलं’ एवढंच उचलणारे विद्यार्थी भेटतात. त्यांना सांगा, पेरेबूम मानले तरी परीक्षकाला तुम्हाला वर्गाबाहेर काढता येतं.

आजी 78 वर्षांची आहे. खारघरला तपासण्या झाल्या, कर्करोग पसरलेला निघाला. काका म्हणतात तिला सांगायचं नाही, ती खचेल. मला वाटतं खोटं बोलणं हे खोटंच. तत्त्व मोठं की माणूस? (वर्तकनगर, ठाणे)

‘तत्त्व की माणूस’ अशी मांडणी केली की माणूसच जिंकणार, कारण तत्त्वाची बाजू मांडायला आजी बोलावलेलीच नाही. ते नंतर पाहू.

खोटं कधीच बोलू नये, याचं सगळ्यात कडक समर्थन कांट यांच्या 1797 मधल्या निबंधात आहे. खुनी दाराशी येऊन तुमचा मित्र घरात आहे का विचारतो, तरी खोटं बोलायचा हक्क तुम्हाला नाही. महाभारताचं उत्तर अगदी उलट आहे. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. सत्याचं व्रत घेतलेला हा तापस दरोडेखोरांना, लोक कुठे लपले ते खरं सांगतो. ते लोक मारले जातात आणि कौशिक नरकात जातो. प्रसंगही पाहण्यासारखा आहे. प्रतिज्ञा पाळायची म्हणून अर्जुन सख्ख्या भावावर तलवार उपसून उभा आहे.

आज वाद या दोन टोकांच्या मध्ये आहे. डब्ल्यू. डी. रॉस यांनी 1930 मध्ये कर्तव्यांची एक यादी केली: दिलेला शब्द, नुकसानभरपाई, कृतज्ञता, न्याय, परोपकार, स्वतःची सुधारणा, इजा न करणं. प्रत्येकाला वजन आहे, पण एकही शेवटचा शब्द नाही. दोन आपसांत भिडली तर प्रसंग पाहून ठरवायचं, आणि हरलेल्या कर्तव्याची बोचणी राहते ती योग्यच आहे. जोनाथन डान्सी त्यापुढे जातात. त्यांच्या मते एखादी गोष्ट दर वेळी एकाच बाजूला झुकेल याचीही खात्री नाही. एका प्रसंगात जे बोलण्याचं कारण असतं तेच दुसऱ्यात गप्प बसण्याचं असू शकतं, म्हणून तत्त्वांची यादीच नको. यावर ब्रॅड हूकर यांचा सवाल बोचरा आहे. ज्याच्याकडे तत्त्वच नाही, अशा माणसाच्या शब्दावर विसंबायचं कसं? घरात हा सवाल फार खरा ठरतो. ‘प्रसंग पाहून’ म्हणत काका एकदा खोटं बोलले, की ‘काळजीचं कारण नाही’ या वाक्यावर आजी पुढे कधीच विश्वास ठेवणार नाही, खरोखर काळजीचं कारण नसलं तरी.

आम्ही रॉस यांच्या बाजूचे. आणि तुमच्या घरी कर्तव्यांची टक्कर अजून झालेलीच नाही. आजीला काय हवंय ते कोणी विचारलेलं नाही. वाईट बातमी सांगण्यासाठी कर्करोगतज्ज्ञांनी 2000 मध्ये सहा पायऱ्यांची ‘स्पाइक्स’ ही पद्धत प्रसिद्ध केली. तिची तिसरी पायरी हीच आहे: माहिती देण्याआधी रुग्णाची परवानगी घ्या. पहिली पायरी जागेची. दार बंद, फोन बंद, बसून बोलायचं, खोलीत दोनापेक्षा जास्त नातेवाईक नकोत. दुसरी, ‘आजी, तुला काय वाटतं, या तपासण्या कशासाठी झाल्या?’ तिचं उत्तर पूर्ण ऐका. पुष्कळदा आजारी माणसाला बरंच उमगलेलं असतं आणि घरच्यांसाठी तेच नाटक करत असतं. मग तिसरी: ‘रिपोर्टमध्ये आलंय ते सगळं तुला ऐकायचंय, की थोडक्यात, की डॉक्टरांनी आमच्याशीच बोललेलं बरं?’

‘सगळं सांग’ म्हणाली तर डॉक्टरांसमोर, छोट्या वाक्यांत. एक वाक्य झालं की थांबा. रडू आलं तर पुढची माहिती तिथेच थांबवा, आधी रडू द्या. ही पाचवी पायरी आहे आणि घरचे घाबरून नेमकी तीच ओलांडतात. शेवटची पायरी पुढच्या बेताची: दुखण्यावर काय उपाय, कोणत्या दिवशी कुठे जायचं.

‘मला नका सांगू’ म्हणाली तर तेही तिचंच म्हणणं आहे, आणि ते पाळणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. फक्त आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. निर्णय घ्यायची वेळ आली तर तिच्या वतीने कोणी घ्यायचा? आणि काही करायचं, कोणाला भेटायचं, कुठे सही करायची राहिलं आहे का? तिने काकांचं नाव घेतलं तर तुम्ही मागे व्हा. काकांनाही एक अट घाला. तिने पुढे कधी सरळ विचारलं, तर त्या दिवशी टाळायचं नाही.